वरातीची घोडी, गोचीडताप आणि तुळशीच्या लग्नाची घाई

आधी पार्श्वभूमी. ठाण्यात घोडबंदर रोडला ओवळ्याच्या आतल्या बाजूला एका मामांची छोटी पागा आहे, दोन घोडे बग्गीचे आणि दोन घोड्या वरातीच्या. मामा माझे सख्खे नाहीत, अख्ख्या एरियाचे मामा आहेत. त्यांची पांढरी घोडी मैना, वय नऊच्या आसपास, काठेवाडी-मारवाडी मिक्स, कानांची टोकं आत वळलेली, उंचीला बेताची पण दिसायला एक नंबर, त्यामुळे लग्नसराईत मामांचं निम्मं दुकान तिच्यावर चालतं. मी घोडेस्वारी शिकवते, डॉक्टर नाही. औषधपाणी सगळं घोड्यांच्या डॉक्टरांनी केलं, माझ्याकडे आलं ते त्याच्या पुढचं काम, म्हणजे आजारातून उठलेली घोडी परत कामाला कशी लावायची. आजारावर चार लोक तरी बोलतात हो, पण या मधल्या काळाबद्दल कोणी नीट सांगत नाही आणि घोडी बिघडते ती नेमकी तिथेच, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

झालं असं की श्रावण संपता संपता मैनेने चंदी, म्हणजे रोजचा दाणा, अर्धी टाकायला सुरुवात केली. सईसला, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्या पोराला, वाटलं पावसाचं ओलं गवत खाऊन पोट बिघडलं असेल, दोन दिवस असेच गेले आणि मग ती मान खाली घालून एका जागी उभी राहायला लागली. ताप घेतला तर १०४ फॅरनहाइटच्या वर (निरोगी घोड्याचा ९९.५ ते १०१.५ च्या मध्ये असतो), लघवी गडद तपकिरी, ओठ वर करून बघितलं तर हिरड्या पांढुरक्या आणि कडेने पिवळसर. कानाच्या आत आणि शेपटीच्या मुळाशी गोचीड. पांढऱ्या घोडीवर गोचीड लगेच दिसतात असं सगळे म्हणतात, पण कानात बोट घालून कोणी बघत नाही ना.

डॉक्टरांनी रक्त घेतलं, निघाला गोचीडताप. घोड्यात हा दोन परजीवींमुळे होतो, बाबेसिया कबॅली आणि थायलेरिया इक्वाय, दोघंही लाल पेशीत शिरून ती फोडतात, लघवीला रंग येतो तो त्याच फुटलेल्या पेशींचा. मैनेला दुसरा होता, आणि दुसऱ्याची गोष्ट अशी की औषधाने घोडी बरी होते पण तो अंगातून पूर्ण जाईलच असं नाही, बऱ्याच घोड्यांमध्ये आयुष्यभर थोडा थोडा राहतो. दबून राहतो, आणि घोडीवर जास्त ताण आला की डोकं वर काढू शकतो. हे वाक्य डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

इमिडोकार्बची इंजेक्शनं झाली. त्याने लाळ गळते, पोटात कळा येतात, म्हणून डॉक्टर स्वतः थांबले होते, हे औषध आपलं आपण टोचायचं नाही एवढंच त्यातून घ्या. ताप उतरला, लघवी साफ झाली, गणपती आले तोवर मैना चंदीसाठी तोबरा बघून खिंकाळायला लागली होती. मामा खूश. मला फोन, ताई, घोडी उठली, आता तुम्ही जरा फिरवून तयार करा, तुळशीचं लग्न लागलं की माझ्या तारखा सुरू.

मी म्हटलं मामा, आधी रिपोर्ट दाखवा.

रिपोर्टमध्ये एक आकडा बघायचा असतो तो पीसीव्हीचा, म्हणजे शंभर भाग रक्तात लाल पेशी किती भाग. आपल्याकडच्या घोड्यांत तो साधारण ३० च्या वर ते चाळिशीपर्यंत पाहिजे. मैनेचा आजारात १७ वर गेला होता आणि मामा तयार करा म्हणत होते तेव्हा २१. म्हणजे रक्ताची ने-आण करायची ताकद साधारण दोन तृतीयांशच्याही खाली. दिसायला मात्र ती बरी दिसत होती, कारण थानावर, म्हणजे बांधायच्या जागी, उभ्या घोडीला लागतंच किती रक्त.

इथे घोड्याच्या शरीराच्या दोन खोड्या माहीत पाहिजेत, नाहीतर रिपोर्ट हातात असूनही फसगत होते. पहिली प्लीहेची. घोडा लाल पेशींचा मोठा साठा प्लीहेत ठेवतो आणि घाबरला, चेकाळला किंवा पळाला की तो सगळा रक्तात सोडतो, त्यामुळे पीसीव्ही काही मिनिटांत उडी मारतो. म्हणजे सुई बघून घोडी उधळली आणि तेव्हाच रक्त घेतलं तर २१ चे २८ दिसतील आणि घरी सगळे पेढे वाटतील. म्हणून रक्त कायम सकाळी, थानावर, चंदीच्या आधी, घोडी शांत असताना, आणि दर वेळी त्याच वेळेला. दुसरी खोडी अशी की माणसाला किंवा कुत्र्याला रक्त कमी झालं की नव्या कोवळ्या पेशी रक्तात दिसायला लागतात, त्यावरून डॉक्टर सांगतात की रक्त बनतंय. घोडा या कोवळ्या पेशी हाडाच्या मगजातून बाहेरच सोडत नाही, पिकल्यावरच सोडतो. त्यामुळे एका रिपोर्टवरून रक्त वाढतंय का नाही हे कळतच नाही, थोड्या थोड्या दिवसांनी परत काढून आकडा चढतोय का तेच बघावं लागतं. आणि चढतो तो हळू, सगळं नीट असेल तर ढोबळमानाने तीनेक दिवसांना एक अंक. २१ वरून ३२ ला जायला किती लागेल ते मामांना मी बोटांवर मोजून दाखवलं. मामा गप्प बसले, मग म्हणाले, रक्त वाढायचं इंजेक्शन नसतं का?

असतं. आणि तिथेच खरी भीती आहे. पागेत आजारी घोडी म्हटली की सल्ला द्यायला अर्धं गाव जमतं. एक म्हणाला लोहाचं इंजेक्शन मारा. गोचीडतापात लोह कमी झालेलं नसतं, पेशी फुटतात पण त्यातलं लोह शरीरातच राहतं आणि परत वापरलं जातं, शिवाय चाऱ्यातून घोड्याला लोह भरपूर मिळतं, आणि लोहाच्या इंजेक्शनची रिअॅक्शन येऊन घोडे जागेवर गेलेले आहेत. दुसरा म्हणाला ताकदीचं इंजेक्शन, ज्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, घोडी दोन दिवस झकास दिसते आणि आत दबून बसलेल्या परजीवीला मोकळं रान मिळतं. तिसऱ्याने कोंबड्यांचं खाद्य सुचवलं, वजन पटकन येतं म्हणे. कोंबड्यांच्या आणि काही गुरांच्या खाद्यात मोनेन्सिन घातलेलं असतं, गुरांना चालतं, घोड्याचं मात्र त्याने हृदय निकामी होतं, थोड्याशा प्रमाणातही जीव जातो. चौथा सल्ला शेजारच्या तबेल्यातून, म्हशींवर गोचिडासाठी मारतात ते औषध मारा की. ते होतं अमिट्राझ. घोड्याला त्याने आतडी बंद पडतात आणि जीवघेणी पोटदुखी होऊ शकते. मी डबीवरचं नाव वाचून दाखवलं आणि डबी परत पाठवून दिली. गोचिडाचं औषध डॉक्टरांनी वेगळं दिलं, आणि सईसला रोज खरारा करताना कान, आयाळीचं मूळ, मागच्या पायांच्या मधली जागा आणि शेपटीखाली बोटं फिरवायला लावलं, नुसतं बघायचं नाही, चाचपायचं.

आता प्लॅनकडे येते. प्लॅन करताना मी पहिला प्रश्न हा विचारला की या घोडीला नक्की कशासाठी फिट करायचंय? रेसच्या घोड्याची पुस्तकी पद्धत हिला लावून उपयोग नाही. वरातीच्या घोडीला पळायचं नसतंच. तिला रात्री तासन् तास डांबरावर उभं राहायचं असतं, पाठीवर नवरदेव, वर गोटा-जरीचं जड खोगीर, पुढे एखादं पोर, कानाशी बँजो नाहीतर डीजे, पायाशी फटाक्यांची माळ, आणि दहा पावलं चालून परत थांबायचं. लोकांना वाटतं हे काय काम आहे, उभीच तर असते. पण पाठीवर वजन घेऊन उभं राहणं हे चालण्यापेक्षा पाठीला वाईट, कारण चालताना स्नायू आवळतात आणि सैल पडतात, उभ्या घोडीचे एकसारखे ताणलेले. त्यात आवाजाने भेदरलेलं हृदय वेगळं. म्हणजे तिला तीन गोष्टी लागणार होत्या, रक्त, पाठ आणि डोकं शांत, आणि या तिन्ही वेगवेगळ्या वेगाने येतात.

सुरुवात नुसत्या हाताने चालवण्यापासून. पाठीवर काही नाही, मोरखी आणि दोरी, सकाळी सहाच्या सुमाराला, कारण त्यानंतर घोडबंदर रोडचा ट्रॅफिक आणि मेट्रोच्या कामाची धूळ दोन्ही सुरू होतं. आतल्या बाजूला मुरमाचा एक रस्ता आहे, एका अंगाला भाताची खाचरं, सपाट, दगड नाहीत, तोच पकडला. पहिले काही दिवस दहा मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. सईस पोरगा तिसऱ्या दिवशी कंटाळला, दीदी हे काय म्हातारीसारखं फिरवताय. त्याला मी पल्स मोजायला शिकवलं, आणि तिथून तो कंटाळला नाही.

पल्सचं जरा खोलात सांगते कारण माझ्या मते या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात कामाची गोष्ट तीच, आणि त्याला पैसे पडत नाहीत. घोड्याच्या खालच्या जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला, गालाच्या गोल हाडाच्या थोडं पुढे, बोट लावलं की दोरीसारखी एक शीर लागते, ती हाडावर हलकेच दाबायची की ठोका लागतो. अंगठा वापरायचा नाही, स्वतःचाच ठोका मोजला जातो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं. किंवा सरळ डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप. शांत उभ्या निरोगी घोड्याचा २८ ते ४४. मैनेचा सुरुवातीला थानावरच ४८-५०, कारण रक्त पातळ म्हणून हृदय जास्त फेऱ्या मारून भरपाई करतं. वीस मिनिटं साधी चाल झाली की थांबल्या थांबल्या ६८, आणि दहा मिनिटं सावलीत उभी करूनसुद्धा ५६. आता ही साधी चाल होती, दुडकीसुद्धा नाही! लांब पल्ल्याच्या घोडेशर्यतीत मैलोन्‌मैल पळून आलेल्या घोड्याला डॉक्टर पुढे सोडतात ते पल्स ६४ च्या आत आला तरच. मामांना हा आकडा सांगितल्यावर पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसली, तोवर मी उगाच वेळ काढतेय असंच त्यांना वाटत होतं.

मग एक वही केली. रोज उठल्यावरचा पल्स, ताप, चालून आल्या आल्याचा पल्स आणि दहा मिनिटांनंतरचा, हिरडीचा रंग, लीद किती वेळा, चंदी संपवली का. रस्ता तोच, अंतर तेच, वेळ तीच, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडता येतात. नियम असा ठरवला की दहा मिनिटांनंतरचा पल्स सलग काही दिवस ४४ च्या आत येत नाही तोवर काम वाढवायचं नाही, आणि एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, वेळ वाढवला तर चढ नाही, चढ दिला तर वजन नाही.

खाण्याकडे वळू. तिचं वजन आजारात कितीने उतरलं हे काट्याशिवाय काढायचं एक गणित आहे. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, गुणिले परत घेर, गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०, उत्तर किलोत. मैना उठली तेव्हा २६५ निघाली. तिचं मूळ वजन तीनशेच्या पुढचं असणार. मामांची पद्धत म्हणजे भिजवलेला हरभरा, गूळ, वर तूप, भरपूर. प्रेमाचं आहे पण घोड्याचं पोट लहान असतं आणि एका वेळी जास्त धान्य गेलं की ते न पचता पुढे सरकतं, मग पोटदुखी किंवा खुरात ताप उतरणं, म्हणजे खुराच्या आत सूज येणं. म्हणून पाया गवताचा. मूळ वजनाच्या दोन टक्के सुकं गवत म्हणजे सहा किलोच्या आसपास, दिवसभर पुरवून पुरवून. गवत मुरबाडकडून येतं, ते पावसात भिजलेलं नको, गठ्ठा फोडल्यावर धूळ उडाली किंवा कुबट वास आला तर तो गठ्ठा परत. लसूणघास रोज थोडी. चंदीत भिजवलेले जव आणि थोडा हरभरा, तीन-चार वेळा विभागून, आणि वाढवायचं ते काम वाढल्यावर, आधी नाही. वजनासाठी तुपाऐवजी साधं खायचं तेल, चमच्यापासून सुरू करून हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत. मीठ रोज मूठभराहून कमी, घामाचे दिवस आले की थोडं जास्त. गूळ बंद करा असं मी म्हटलं नाही, मामांनी ऐकलंच नसतं, गुळाचा खडा फक्त पल्स मोजून झाल्यावर असं ठरलं. त्यामुळे ती पल्स मोजायला स्वतः तोंड पुढे करायला लागली, हा फायदा अनपेक्षित.

नवरात्र येईपर्यंत पीसीव्ही २७. आणि इथे सगळ्यात फसवा टप्पा येतो. चंदी चांगली, काम कमी, अंगावर तकाकी, त्यामुळे मैना दोरीवर उड्या मारायला लागली, मागचे पाय झाडायला लागली. बघणारा प्रत्येक जण म्हणायचा बघा कशी तेज झाली, आता काय राहिलंय. घोडी उसळते म्हणजे तिचं पोट भरलंय आणि ती कंटाळलीय, एवढंच. दम यायला काही आठवडे लागतात, स्नायू भरायला दोन-तीन महिने, आणि पायाच्या नसा (म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा) आणि हाडं, जी थानावर उभं राहून कमजोर होतात, त्यांना त्याहूनही जास्त. म्हणजे घोडीला पळावंसं वाटतं त्याच्या बऱ्याच नंतर तिचे पाय पळण्यालायक होतात. या मधल्या काळात नस गेली तर वर्ष गेलं.

नालबंद त्याच सुमाराला बोलावला. आजारात नाल काढले होते, खूर वाढून पुढे आले होते, ते सारखे करून डांबरावर जायच्या आधी नवे नाल. खूर महिन्याला सात-आठ मिलिमीटर वाढतं म्हणून सहा आठवड्यांनी परत.

मग दुडकी, दोरीवर नाही, सरळ रस्त्यावर. गोल गोल फिरवणं सोपं पडतं पण छोट्या गोलात आतल्या पायावर सगळा पिळा येतो, अशक्त घोडीला नको. चाल, मग मिनिटभर दुडकी, मग परत चाल. ऑक्टोबरची उष्णता होती, घाम धो धो, परत आल्यावर पाणी ओतायला गेले तर सईस आडवा, गरम घोडीवर गार पाणी टाकलं तर आखडते म्हणे. हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या आधी दमट हवेत घोड्यांना थंड कसं करायचं यावर बरंच संशोधन झालं, त्यातून हेच निघालं की भरपूर गार पाणी सतत ओतत राहणं हाच उपाय. ठाण्याची हवा काही अटलांटाहून कोरडी नाही. दोन-तीन वेळा पाणी ओतून पल्स कसा झरझर उतरतो ते त्यानेच मोजलं, मग वाद संपला.

दिवाळीच्या आसपास रक्त ३१, वजन २९२, वीस मिनिटांच्या चालीनंतरचा पल्स ५२ वरून दहा मिनिटांत ३८. मस्त चाललं होतं. आणि एका सकाळी वहीत उठल्यावरचा पल्स ५४.

सईस काही बोलेना. ताप १०१.८, म्हणजे किंचित वर, हिरड्या फिक्या, मागच्या दोन्ही पायांना टाचेच्या वर सूज, आणि पाठीवर खोगिराच्या जागी दाबलं की ती पाठ खाली झुकवायची. खोगीर! आम्ही अजून खोगीर चढवलंच नव्हतं. मग कळलं, मामा देवदर्शनाला गेले होते आणि आदल्या रात्री भाच्याने एक साखरपुड्याची छोटी मिरवणूक पकडली होती, कापूरबावडीच्या बाजूला. त्याचं म्हणणं, ताई, चाललीच नाही हो फारशी, तासभर नुसती उभी होती.

हेच तर. तासभर उभी, डीजेसमोर, वजन घेऊन, जाता-येता टेम्पोतून. डॉक्टर आले, रक्त काढलं, २७. पुन्हा परजीवी वर आलाय का याचीही तपासणी झाली, सुदैवाने स्मिअरमध्ये (काचेवर पसरून बघितलेल्या रक्तात) काही सापडलं नाही, पण डॉक्टरांनी सरळ सांगितलं की एकदा न दिसणं म्हणजे नाही असं नव्हे, पंधरा दिवस परत थानावर आणि रोज ताप. मामा परत आले तेव्हा भाच्याला काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण वही नसती तर काय झालं असतं बघा, त्या सकाळी घोडी चंदी खात होती, कान उभे होते, वरवर बघून कोणी म्हटलं असतं थोडी थकलीय, आणि परत फिरायला काढली असती.

तारखांचं गणित मग मामांनीच केलं. तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला हंगाम सोडायचा, त्या तारखा दुसऱ्या घोडीला आणि काही ओळखीतल्या पागेला दिल्या, पौषात तशीही लग्नं नसतात, म्हणजे संक्रांत झाल्यावर माघात बघू. एका वरातीच्या घोडीच्या मालकाने ऐन सीझन सोडणं म्हणजे काय असतं हे ज्याचं पोट त्यावर आहे त्यालाच कळेल, मी त्यांना सांगायला सोपं होतं. मला वाटतं त्यांनी ऐकलं ते माझ्या शहाणपणामुळे नाही, २७ चा आकडा बघून.

पुन्हा दहा मिनिटांच्या चालीपासून. या वेळी लवकर चढली, पल्स आधीच्याइतका बिघडला नाही. मार्गशीर्षात उताराचढावाची चाल सुरू केली, चढावर हळू चालण्याने मागचा भाग आणि पाठ भरते आणि पायांवर आपटण नसते, पाठीसाठी याहून चांगला व्यायाम मला तरी माहीत नाही. रक्त ३४ झाल्यावर पाठीवर आधी नुसता नमदा (खोगिराखालची जाड घडी), मग हलकं खोगीर, मग मी, दहा मिनिटं. आजारात मणक्याच्या दोन्ही बाजूंचं मांस गेलेलं असतं, जुनं खोगीर मग हाडावर बसतं आणि पाठ सोलवटते, म्हणून वरातीचं ते जरीचं धूड मी बाजूलाच ठेवायला लावलं, सहा किलोचं साधं खोगीर आणि त्यावर झूल टाका, फोटोत कोणाला कळत नाही.

उभं राहण्याचा सराव वेगळा घेतला. चालून आल्यावर स्वार बसवून दोन मिनिटं उभी, मग चार पावलं, मग परत उभी, आणि हळूहळू वेळ वाढवत. सईसच्या मोबाइलला ब्लूटूथ स्पीकर जोडून बँजोची गाणी, आधी लांब, मग जवळ, चंदी खाताना. मैना जुनी खेळाडू, आवाजाला ती फार घाबरत नाही, पण तरी स्पीकर लावला की पल्स ३६ चा ४८ व्हायचा. हे वहीत बघितल्यावर मामा म्हणाले, म्हणजे दर वेळी हिला आतून एवढं होतं? एवढी वर्षं घोड्या ठेवल्या त्यांनी, कधी कोणी मोजलंच नव्हतं.

वजनावरून शेवटचा वाद. घोड्याने स्वतःच्या वजनाच्या साधारण वीस टक्के, खोगिरासकट, उचलावं असा सर्वमान्य अंदाज आहे, पंचवीसच्या वर गेलं की पाठीच्या स्नायूंवर परिणाम मोजता येतो. मैना ३०३ किलो, म्हणजे साठ. काटेकोर गेलं तर तिच्यावर आजकालचा नवरदेव बसूच शकत नाही. तडजोड अशी निघाली की नवरदेव पासष्ट किलोच्या आत, पुढे पोर नाही, आणि घोडीवर बसायचं ते शेवटच्या वळणापासून मांडवापर्यंत, वीसेक मिनिटं, आधीचा रस्ता बग्गीत. वीस टक्क्यांच्या वर जातंय हे मला मान्य आहे, म्हणूनच वेळ कमी ठेवला. बुकिंगला आलेल्या पार्टीला मामा आता सरळ विचारतात, मुलाचं वजन किती? एक वरमाय चिडून उठून गेल्या.

पहिली वरात माघात लागली, मानपाड्याच्या बाजूला, नवरदेव सडपातळ. नाचवायचं नाही हे आधीच सांगितलेलं, मागच्या पायांवर उभं राहून नाचणं या सीझनला पूर्ण बंद. सईस स्टेथोस्कोप गळ्यात घालून गेला, वऱ्हाडी त्याला घोड्याचा डॉक्टर समजून फोटो काढत होते. उतरल्या उतरल्या पल्स ६०, दहा मिनिटांत ४४, दुसऱ्या सकाळी थानावर ३८, पाय कोरडे, पाठ दाबल्यावर काही नाही. आठवड्याला एकच तारीख, मध्ये चालीचे दिवस, असं होळीपर्यंत चाललं आणि रक्त ३५-३६ वर टिकलं.

परजीवी अंगात असेल हे धरूनच पुढचं चाललंय. भाच्याकडून टेम्पोची चावी काढून घेतली आहे. पुढचं रक्त मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, आणि या वेळी डॉक्टर बाकीच्या तिघांचंही काढणार आहेत, कारण गोचीड काही एकटीच्याच कानात नव्हते.